स्टिअरिंगची नाडी

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला आधी शंकाच येईल, आणि यायलाच हवी. रोज संध्याकाळी फोनवर बोलणारा बाप एकदम पोस्टाने पत्र धाडतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. मुरतंयच. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुला ठाऊक आहे. गाडी चारही बाजूंनी फिरून बघितल्याशिवाय मी जन्मात कधी बॉनेट उघडलेलं नाही. तेव्हा आधी तुझ्या स्टिअरिंगचं सांगतो. फारच घाई असेल तर एवढं वाच की स्टिअरिंग सापडलंय, खात्रीचं आहे, आणि ते मी नाही, तुझ्या आईने पसंत केलंय. हो, आईनेच. जिने आयुष्यात शिलाई मशीनच्या चाकाखेरीज दुसरं कुठलं चाक हातात धरलं नाही, तिनेच.

तुझा निरोप आला त्या दिवशी मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो. तू लिहिलं होतंस की सहा आठवड्यांवर निवड स्पर्धा आली आहे, पहिल्या चारांत आलीस तर संघात घेतील, आणि जुन्या स्टिअरिंगने ऐन शर्यतीत मान टाकली. पुढे लिहिलंस, ‘बाबा, तुम्ही हात लावून सांगितलंत तरच घेईन.’ हे वाक्य मी पाचदा वाचलं. म्हटलं, दिवसभर प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासणारी, स्वतःच्या फोनचं कव्हरसुद्धा चार ठिकाणी चौकशी करून घेणारी पोर मला का विचारते आहे? संगणकावरच्या शर्यतीतलं मला ओ की ठो कळत नाही. वाटलं, म्हातारा रिकामा बसलाय, त्याला कामाला लावा, असं तुझं आणि आईचं ठरलं असेल. आईला तसं स्पष्ट विचारलं. ती म्हणाली, तुमच्यावर कुणी माया केली तरी तुम्ही आधी पावती मागता. पण माझी शंका काही गेली नाही.

तरी कामाला लागलो. कसा लागलो म्हणतेस! आठवडाभर तुझ्या नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर डोळे फोडले. आता मला पाठ आहे की या स्टिअरिंगच्या पोटात मोटर असते आणि पडद्यावरची गाडी खड्ड्यात गेली की ती मोटर तुमच्या हाताला तसाच हिसका देते. यालाच फोर्स फीडबॅक म्हणतात. मोटरचा जोर चाकापर्यंत पोचवायच्या तीन तऱ्हा. एक गिअरची, ती खडखडते आणि झिजते. दुसरी पट्ट्याची, ती मऊ चालते पण पट्टा सैल पडला की हिसकाही सैल पडतो. तिसरी थेट मोटरची, म्हणजे चाक सरळ मोटरच्या दांड्यावरच बसवलेलं, मध्ये काही नाहीच. लोकांचे अभिप्रायही वाचले. शंभरातल्या साठ जणांना चाक ‘लोण्यासारखं’ वाटलं होतं. साठ माणसांना एकाच वेळी लोणी कसं आठवतं? हे सगळं एकाच माणसाने एका बैठकीत लिहून काढलंय, अशी माझी खात्री पटली आणि मी अभिप्राय वाचणं सोडून दिलं. त्यापेक्षा तक्रारी वाचल्या. रागावलेला माणूस सहसा खरं बोलतो. अर्ध्या तासाने मोटर तापते आणि जोर ओसरतो, चाक काढायची खिट्टी डुगडुगते, सुटे भाग मिळत नाहीत, असल्या सगळ्या तक्रारींची एक यादी करून खिशात ठेवली आणि दुकान गाठलं.

दुकानदार म्हणजे चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा, पस्तिशीचा, फार गोड. गोड बोलणारा माणूस दिसला की माझा हात आपोआप पाकिटाकडे जातो. दुकानात त्याने एक खुर्ची, समोर मोठा पडदा आणि तिन्ही तऱ्हांची तीन स्टिअरिंगं मांडून ठेवली आहेत, कुणीही बसावं आणि चालवून बघावं. मी विचारलं, इतकं फुकट का करू देता? तो हसला. त्याचं ते हसणंही मी लक्षात ठेवलं. मग यादी काढून एकेक विचारत गेलो आणि सांगायला वाईट वाटतं, पण त्याने एकाही प्रश्नाला बगल दिली नाही. मोटर तापते का, तर हो, अमुक एका मॉडेलची तापते, ते घेऊ नका. सुटे भाग, तर याचे मिळतात, त्याचे नाहीत. आपलाच माल वाईट आहे असं सांगणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला, त्यामुळे माझा संशय दुप्पट झाला.

तू मला एक गोष्ट मुद्दाम बजावली होतीस. टायर घसरायच्या आधी स्टिअरिंग हलकं होतं आणि त्यात एक बारीक थरथर येते. ती थरथर ज्या चाकात स्वच्छ कळेल तेच आपलं, बाकी सगळं दिखाऊ. मला तुझं कौतुक वाटलं. हे तर थेट माझंच काम. नव्वदच्या वर बस आमच्या वर्कशॉपमधून कारखान्याची माणसं घेऊन जातात आणि गेली एकतीस वर्षं त्यांतल्या एकीचंही स्टिअरिंग माझ्या हाताखालून गेल्याशिवाय फाटकाबाहेर पडलेलं नाही. तू लहानपणी बघितलं आहेस. मी सीटवर बसायचो, डोळे मिटायचो, चाकाच्या खालच्या कडेला उजव्या हाताची दोनच बोटं लावायचो आणि हळूच इकडून तिकडे हलवायचो. चाक किती फिरल्यावर खाली टायर हलायला लागतो, तो मधला मोकळा प्ले मला बोटांत कळायचा. सगळं वर्कशॉप त्याला नाडी बघणं म्हणायचं. प्ले मोजायचं डायलचं यंत्र कंपनीने कधीच आणलंय. ते मीच माझ्या कपाटात टाकून ठेवलं. यंत्र बिघडतं, बॅटरी उतरते, काटा अडकतो. बोटं कशी बिघडतील? निवृत्त झालो तरी मंगळवारी आणि शुक्रवारी मला बोलावतात ते त्याच दोन बोटांसाठी. कागदावर माझी सही झाल्याशिवाय बस निघत नाही, हे तू मैत्रिणींना सांगायचीस. मी ऐकलं आहे.

तर त्या दुकानातल्या खुर्चीत मी बसलो. गिअरचं चाक खडखडलं, ते कळलं. पट्ट्याच्या चाकाने वळणावर हात ओढला, तेही कळलं. पण तुझी ती थरथर? नावाला नाही. थेट मोटरचं लावलं. वळणावर असं जोरात खेचलं की खांदा बोलला, पण घसरण्याआधीची थरथर तिथेही नाही. मी चष्मेवाल्याला म्हणालो, तुमचा हा माल मेलेला आहे. तो म्हणाला, काका, पकड जरा सैल करा. मी सैल केली. तो म्हणाला, आता येतेय ना? मी म्हणालो, येत नाहीये, आणि मला शेंडी लावायचं काम करू नका, मी स्टिअरिंगमध्ये हयात घालवली आहे. त्याने दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बंद खोका फोडून नवं कोरं चाक लावलं. मी खोक्याची चिकटपट्टी तपासली, दोनदा चिकटवलेली तर नाही ना म्हणून. एकदाच चिकटवलेली होती. चाक मात्र तसंच मुकं. तिसऱ्या खेपेला मी त्याच्या तोंडावर सांगितलं की तुम्ही जुनी मोटर रंगवून नव्या खोक्यात घालता. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्याचा चेहरा उतरला. कपाळावरचा चष्मा काढून त्याने खिशात ठेवला आणि तो म्हणाला, हे घरी घेऊन जा, चार दिवस वापरा, पटलं नाही तर परत करा, मी एक शब्द बोलणार नाही. मी मनात म्हटलं, बघ कसा वरमला, आता आला ताळ्यावर.

घरी ते कुठे बसवायचं हा प्रश्न होता. चाक आवळून धरणारा शिकंजा लावायला जाड फळी हवी. तेवढी जाड फळी घरात एकच, आईचं कापड बेतायचं टेबल. तिने बरीच कुरकुर केली, एका बाईचे दोन ब्लाउज सोमवारी द्यायचे आहेत, कात्री ठेवायला जागा नाही, वगैरे. तरी बसवलं. काल, म्हणजे शनिवारी, जेवणं झाल्यावर मी गाडी सुरू केली आणि पुन्हा तेच. वळणावर ओढ आहे, थरथर नाही. मी मोठमोठ्याने चष्मेवाल्याचा उद्धार करत होतो. आई टेबलावरची मोजपट्टी घ्यायला वाकली आणि तोल सावरायला तिने चाकाची वरची कड धरली. हात तसाच ठेवून ती म्हणाली, हे थरथरतंय की. मी म्हणालो, तुला काय कळतंय त्यातलं, मशीनची सवय तुला, तुला सगळंच थरथरतं. तर बाईसाहेब स्टुल ओढून बसल्याच. म्हणाल्या, मी डोळे मिटते, तुम्ही गाडी चालवा, थरथर आली की मी सांगते. मी मुद्दाम वेडीवाकडी चालवली. पडद्यावर टायर घसरायला लागायच्या नेमकं आधी ती ‘आता’ म्हणायची. अकरा वेळा घसरवली, अकराही वेळा बरोबर. एकदा तर मी नुसता घसरवायचा विचार केला होता आणि ही ‘आता’ म्हणाली.

मला राग आला. मी म्हणालो, तू आवाज ऐकून सांगतेस. खरं तर ते मला का सुचलं हे तेव्हाच कळायला हवं होतं. ती म्हणाली, बरं, मग आता तुमची पाळी. या यंत्रासोबत एक तपासणीचा पडदा येतो, त्यात बटणं आहेत, मंद थरथर, मध्यम थरथर, जोराची थरथर. बटण दाबलं की चाक तेवढं थरथरतं. तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला आणि मला डोळे मिटायला लावले. मी दोन बोटं लावली, आपली नेहमीची. माउसची टिकटिक झाली, मी म्हणालो, आता. पुन्हा टिकटिक झाली, पुन्हा म्हणालो, आता. असं पाच-सहा वेळा झालं. मी डोळे मिटूनच विचारलं, काय, पटलं का? डोळे उघडले तर ती पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

“मी बटण दाबलंच नव्हतं,” ती म्हणाली. “बाजूला कोऱ्या जागेवर टिचक्या मारत होते. कधीपासून हो?”

भिंगरी, तुझ्या बापाला आयुष्यात पुष्कळांनी फसवायचा प्रयत्न केला आणि एकालाही ते जमलं नाही. त्या बाईने मला माउसच्या टिकटिकीवर पकडलं. मग तिने खरंच बटण दाबलं, मंद, मध्यम, जोराची, आणि चाक माझ्या डोळ्यांदेखत थरथरत होतं, त्याची कड धूसर दिसत होती. जोराची थरथर मनगटाला लागली. बोटांना काही नाही. लाकडाच्या खुंट्या लावाव्यात तशी माझी बोटं त्या चाकाला लागलेली होती. मी तिच्याकडे पाणी मागितलं.

कधीपासून, हे मी तिला सांगितलं नाही, तुला सांगतो. दीड वर्षापूर्वी मी एका डॉक्टरकडे गेलो होतो, घरात कुणाला न सांगता. बोटांना मुंग्या यायच्या, थंडीत टोकं पांढरी पडायची. त्याने कामाचं विचारलं आणि म्हणाला, हवेच्या गनने वीस-पंचवीस वर्षं नट खोललेत ना, त्या हादऱ्याने नसा गेल्या आहेत, पुढच्या तपासण्या करा आणि हाताने अंदाज घ्यायची कामं बंद करा. त्याने लिहून दिलेली प्रयोगशाळा त्याच इमारतीत खाली होती. बस, तेवढं मला पुरलं. म्हटलं, यांचे आपसात लागेबांधे असणार. चिठ्ठी फाडली आणि मुंग्याही पुढे थांबल्या, तेव्हा वाटलं बरं झालो. थांबणारच होत्या, मुंग्या यायलाही काहीतरी जिवंत असावं लागतं. आईला मात्र माझ्याआधी कळलं होतं. माझ्या शर्टांची बटणं वर्षभरापूर्वी एकदम मोठी झाली. मला वाटलं, कुठून तरी स्वस्तातला गठ्ठा उचलला असेल हिने, आणि तसं बोलूनही दाखवलं. तिने ते ऐकून घेतलं. तिने बघितलं होतं की लहान बटण माझ्या चिमटीत राहत नाही. एकेक शर्ट घेऊन तिने काजं मोठी केली, बटणं बदलली आणि मूग गिळून गप्प राहिली, कारण विचारलं असतं तर मी तिच्यावरच उलटलो असतो. उलटलोच असतो.

आता पुढचं नीट वाच, कारण बोटं गेली ती माझी गेली, त्याचं एवढं काही नाही. ज्या दीड वर्षात मला काही कळत नव्हतं त्याच दीड वर्षात मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी डोळे मिटून नाडी बघत होतो आणि सह्या करत होतो. मग मला कळत होतं कसं? काल रात्रभर मी हाच विचार केला. ऐकून कळत होतं. जुन्या तऱ्हेच्या सांध्यात प्ले वाढला की टक् आवाज येतो. शिवाय ती टक् ऐकली की खाली टायरपाशी बसलेला माझा जुना जोडीदार ‘हं’ करतो. मी त्या टक्‌वर आणि त्या हंवर चाललो होतो आणि मला वाटत होतं बोटं बोलताहेत. पण गेल्या वर्षापासून काही जुन्या बसनाही नव्या तऱ्हेचे सांधे बसवलेत, रबरी टोपीत ग्रीस भरलेले. ते सैल झाले तरी आवाज करत नाहीत. अशा चोवीस बस आहेत. त्या चोवीसच्या चोवीस मी पास केल्या आहेत.

त्यांतली चाळीस नंबरची बस. तिचा ड्रायव्हर, आम्ही त्याला लंबू म्हणतो, दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे आला. म्हणाला, पुलावर गाडी डावीकडे भटकते, सारखी सावरावी लागते. मी नाडी बघितली, काही नाही. तो आठवड्याने पुन्हा आला. पुन्हा काही नाही. मी सुपरवायझरला सांगितलं की याचा डोळा नव्या बसवर आहे, म्हणून हा जुनीला नावं ठेवतोय. लंबूला बसवरून उतरवून फाटकावर वह्या लिहायला बसवला आहे. जाता-येता मला नमस्कार करतो, पूर्वीसारखाच. चाळीस नंबर आता दुसरा ड्रायव्हर चालवतो. तो तक्रार करत नाही, कारण तक्रार केली की काय होतं ते त्याने बघितलं आहे. तिच्यात बावन्न सीट आहेत, पोरी, आणि सकाळच्या पाळीला माणसं उभी असतात. परवा शुक्रवारी मी तिच्यावर पुन्हा सही केली.

आणि एक जुनं. आज सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही. तू सोळा वर्षांची असताना, छोट्या गाड्यांच्या शर्यतीत तू शेवटच्या फेरीत पोचली होतीस. शर्यतीआधी मी तुझ्या गाडीची नाडी बघितली आणि म्हणालो, प्ले आहे, उतर. तू हेल्मेट काढलंस आणि उतरलीस. एका शब्दाने वाद घातला नाहीस, कारण बाबांनी हात लावून सांगितलं होतं. त्या गाडीत काहीही नव्हतं. स्टिअरिंग ठणठणीत होतं. आदल्या फेरीत एक गाडी उलटलेली मी पाहिली होती आणि तुला त्या गाडीत बघायची माझी हिंमत नव्हती. तेव्हा माझी बोटं खरं सांगत होती आणि मी खोटं बोललो. तू मग कधी गाडीत बसली नाहीस. आता या वयात, संसार सांभाळून, पडद्यापुढे बसून तू तेच पुन्हा मिळवू बघते आहेस, आणि चाक निवडायला विचारलंस कुणाला, तर मला. या विश्वासाचं मी काय करू ते मला कळत नाही. मला तुझी माफी मागायची आहे. मागतो.

स्टिअरिंगचं उरलं ते सांगतो. थेट मोटरचं घे, पण सगळ्यात दांडगं नको, मधल्या जोराचं घे. ते दोन तास सलग चालवलं, तापलं नाही. मोटरवर आईने हात ठेवला होता, मी नाही. जोर पूर्ण लावू नकोस. पूर्ण लावला की मोठ्या हिसक्यांत बारीक थरथर बुडून जाते, असं आई म्हणते. सत्तर टक्क्यांवर तिला सगळ्यात स्वच्छ कळली. चाक काढायची खिट्टी तिने वीस वेळा काढून घालून बघितली, डुगडुग नाही. शिकंजा मात्र प्लास्टिकचा आहे, त्याच्यावर भरवसा ठेवू नकोस. बोल्टने टेबलाला पक्कं करून घे. चष्मेवाल्याकडे मी आज सकाळी गेलो होतो आणि आज दुकानात गर्दी जास्त होती तरी सगळ्यांसमोर सांगितलं की माल चोख आहे, माझे हात गेलेत. तो म्हणाला, बसा काका, चहा घ्या. मी घेतला. तिथे मला हे जमलं, म्हणून वाटतं दुसरीकडेही जमेल.

आता हे पत्र का, ते. आज रविवार, कारखाना बंद, सगळ्या बस आवारात उभ्या आहेत. उद्या सकाळी सहाला पहिली पाळी निघते. मी पाच वाजता फाटकावर जाणार, वर्कशॉपच्या इंजिनियर बाईंना गाठून सांगणार की चोवीस बस थांबवा, कपाटातलं डायलचं यंत्र काढा, चाळीस नंबर आधी बघा, लंबूचं खरं होतं. तसं मी ठरवलं आहे. पण त्यांना आत्ताच सांगावं म्हणून मी सकाळपासून दोनदा फोन उचलला आणि दोनदा खाली ठेवला. दोन्ही वेळा मला एकच वाटलं की अजून कुणाला माहीत नाही. उद्या फाटकापाशी पोचल्यावर चारचौघं ‘या उस्ताद’ म्हणतील, तेव्हाही मला तेच वाटेल. जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेतला. आता ज्याच्यावर घ्यायला हवा तो माणूस आज आरशात बघून दाढी करत होता. आई मला सांभाळून घेईल, तिने वर्षभर घेतलंच आहे, म्हणून तिच्या शब्दावरही जाऊ नकोस. हे पत्र मी आत्ता पेटीत टाकतो, म्हणजे ते परत घेता येणार नाही. तुला बुधवारी मिळेल. मिळाल्याबरोबर, उभ्या उभ्या, मागच्या पानावर लिहिलेल्या नंबरवर इंजिनियर बाईंना फोन कर आणि एवढंच विचार, सोमवारी बस थांबवल्या होत्या का? नाही म्हणाल्या तर हे पत्र त्यांना पहिल्यापासून वाचून दाखव. मधल्या दोन दिवसांत मी तुला फोनवर सांगेन की मी गेलो होतो, सगळं बोललो, आता काळजी नाही. अगदी हसत सांगेन. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. त्यांना विचार.

तुझाच,
बाबा